परवा नाही

तिनाचे दोन झाले, आणि दोनाचा एक व्हायच्या आत मी स्पेसबार दाबला. बोर्ड थांबला. यात नवल काही नाही, दिवसातून दहा-बारा वेळा मी हेच करतो. डाळ मिलमधल्या यंत्रांचे बोर्ड आमच्या नांदेडच्या कारखान्यात दुरुस्तीला येतात. कॅमेऱ्याने दाणा न् दाणा बघायचा आणि काळा, किडका तेवढा हवेच्या फुंकरीने बाजूला उडवायचा, अशी ही यंत्रं. वीज दिली की त्यांची मुख्य प्रणाली जागी होण्याआधी एक चिमुकला प्रोग्राम उठतो. त्याला बूटलोडर म्हणतात. तो तीन सेकंद वाट बघतो. तेवढ्यात कुणी कळ दाबली तर म्हणतो, बोला, काय हुकूम; नाही दाबली तर आपल्या वाटेने पुढे निघून जातो. मी कळ दाबली, नेहमीसारखं प्रिंटएन्व्ह असं टाइप केलं, आणि त्याने पोटात जपलेली यादी पडद्यावर धावली. डावीकडे नाव, मधे बरोबरचं चिन्ह, उजवीकडे किंमत. कॅमेरा कुठल्या तारेवर आहे, प्रणाली कुठे ठेवली आहे, सुरुवातीला किती सेकंद थांबायचं. सगळी नावं इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने लागलेली. आणि एन संपून एस सुरू होतो तिथे, डाळीशी किंवा कॅमेऱ्याशी काडीचा संबंध नसलेल्या दोन ओळी होत्या.

parva=nahi
sang=mi jau ka

चहा मी खाली ठेवला. कप टेबलाच्या काठावर ठेवला हे मला कळत होतं, तरी तो आत सरकवावा एवढी शुद्ध मला नव्हती. सहा वर्षं. सहा वर्षांत मी नांदेडमध्ये तीन घरं बदलली, लग्न केलं, वर्षाराणीच्या माहेरची सगळी नावं पाठ केली, दाढी ठेवली आणि काढली. आणि या दोन ओळी एका लोखंडी पेटीत, तुरीच्या धुळीत, जशाच्या तशा बसून राहिल्या होत्या. रोज यंत्र चालू झालं की बूटलोडर ही यादी वाचत असणार. या दोन नावांचं काय करायचं हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं, म्हणून तो त्यांना हात न लावता पुढे जात असणार. मी बोर्ड उलटा केला. मागे मार्करने दोनचा आकडा काढलेला होता, पोट फुगलेला, शेपटी लांब ओढलेली. तो दोन अम्मारशिवाय कुणाचा असूच शकत नाही. मला एकदम राग आला. इतक्या वर्षांनी तो राग तितकाच ताजा निघाला, याचा पुन्हा वेगळा राग आला.

बोर्ड मुदखेडच्या एका गिरणीवाल्याचा होता. त्याने लातूरहून कुणाचं तरी जुनं यंत्र उचललं होतं आणि ते अर्ध्यात अडकत होतं. चारला तो बोर्ड घ्यायला येणार होता. तेव्हा साडेअकरा वाजले होते. काम दहा मिनिटांचं होतं. जुना बोर्ड आला की आधी त्याची सगळी यादी पुसायची, कारखान्यातून निघाला तेव्हा होता तसा कोरा करायचा, मग आपलं लिहायचं आणि सेव्ह करायचं, हा नियम मीच इथे लावलेला आहे. दुसऱ्याने लिहिलेल्यावर विश्वास ठेवायचा नाही, असं मी सिंधूला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. सिंधू म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी. चाळिशीची, आधी आयटीआयमध्ये शिकवायची, मुदखेडहून रोज रेल्वेने येते आणि मला सर म्हणते, पण ते सर असं म्हणते की त्यात निम्मी थट्टा असावी. ती म्हणाली होती, सर, मग नवऱ्याच्या घरात कसं नांदावं माणसानं. मी हसलो नव्हतो. आता पुसायचा हुकूम मी टाइप करून ठेवला होता. फक्त एंटर दाबायचं बाकी होतं आणि माझं बोट एंटरवर टेकलेलं होतं, आणि मी ते दाबत नव्हतो.

लातूरला औसा रोडच्या आत, एका पिठाच्या गिरणीच्या वर, आमची एक खोली होती; डाळ निवडायचं असलंच यंत्र आम्ही तिथे जुळवत होतो. खालून दिवसभर घरघर यायची आणि टेबलावरच्या बारीक स्क्रूंच्या डब्या आपोआप सरकत सरकत काठाशी यायच्या. अम्मार आणि मी, पदविकेपासूनचे. तो गंजगोलाईजवळचा, वडील गेलेले, आई आणि तो. मी निलंग्याचा, खिशात गावाकडची बस कधी सुटते याचा कागद घेऊन हिंडणारा. बोर्ड एकच होता, हाच, दोन नंबरचा. एक नंबरचा आम्ही पहिल्याच आठवड्यात जाळला होता. अम्मार पहाटे फजरची नमाज झाली की यायचा आणि नऊला घरी जायचा, आईचं पथ्यपाणी बघायला. मी दहाला यायचो. सकाळी गाठ पडायची नाही, म्हणून आम्ही बोर्डावरच निरोप ठेवायला लागलो. नाव लिहायचं, किंमत लिहायची. chaha=sampla. camera=garam hoto. रोमन अक्षरांत, कारण बूटलोडरला दुसरी लिपी येत नाही. त्यात एक गंमत होती. सेटएन्व्ह म्हणून जे लिहावं ते नुसतं चालत्या आठवणीत राहतं, वीज गेली की गेलं. सेव्हएन्व्ह म्हटलं तरच ते आत कोरलं जातं. त्यावरून आमचा एक कायदा झाला: सेव्ह केलेलं खरं, बाकीची बडबड. अम्मार लोकांशी बोलतानाही वापरायचा. कुणी मोठं आश्वासन दिलं की माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणायचा, सेव्ह न्हाई केलं यानं.

भांडण झालं ते इतकं लहान होतं की कुणाला सांगायची लाज वाटते. वर्षाराणीलाही मी ते कधी सांगितलेलं नाही. शनिवारी आम्ही शंकरप्पांच्या डाळ मिलवर गेलो होतो. शंकरप्पा आमच्याच समाजातले, निलंग्याला माझ्या वडिलांना ओळखणारे, कपाळाला भस्म, समोर तुरीचे ढीग. त्यांनी अम्मारला विचारलं, हे कोण. आणि अम्मार म्हणाला, "हा रुद्रेश. हा माझ्याकडं असतो." एवढंच. माझ्याकडं असतो. दुकानात नोकर असतो तसा, गोठ्यात बैल असतो तसा. शंकरप्पांनी माझ्याकडे बघून मान हलवली, आणि ती मान त्यांनी निलंग्याला जाऊन कुणाकुणापुढे हलवली असेल ते मला तिथे उभ्या उभ्या दिसलं. परतताना मोटारसायकलवर मी मागे बसलो होतो आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवत नव्हतो, सीटच्या मागची लोखंडी पट्टी धरून होतो. खोलीवर आल्यावर मी बोललो. खूप बोललो. तो आधी हसला, मग म्हणाला की माझ्या नाकावर राग ठेवूनच आईने मला जन्माला घातलंय. मी म्हणालो, मला तुझी गरज नाही. मग अबोला. आज कळतं की त्याच्या तोंडी ते वाक्य माझ्यासोबत असतो अशा अर्थीच असणार; त्यांच्या घरात मामाही आमच्याकडं असतो आणि मांजरही आमच्याकडं असतं. आज कळून काय उपयोग, बैल गेला आणि झोपा केला.

खरं म्हणजे तेव्हा एक गोष्ट भांडणापेक्षा फार मोठी होती. अम्मारच्या आईचं, रईसाचाचींचं, ऑपरेशन ठरलं होतं, गुरुवारी. त्यांचा रक्तगट ओ निगेटिव्ह, माझाही ओ निगेटिव्ह. त्या गटाची माणसं मिळता मिळत नाहीत. दवाखान्याने एक माणूस तयार ठेवा म्हणून सांगितलं होतं आणि तो माणूस मी होतो. चार वर्षं मी त्या घरी दुपारचं जेवलो. माझ्यासाठी वेगळी कढई होती, शाकाहारी. तिच्या कडीला चाचींनी ओळखायला म्हणून पांढरी दोरी बांधली होती आणि दुसऱ्या कुणाला ती कढई वापरू देत नसत. पोळी वाढताना म्हणायच्या, कायकू शरमारा रे, खा. रक्ताचं ठरलं तेव्हा त्या हसत होत्या. म्हणाल्या, चार साल मेरा खाना खाया, अब निकालके वापस दे. मी म्हणालो होतो, चाची, माझं रक्त तुमच्या नावानं ठेवलेलं हाय. हे मी म्हणालो होतो. बडबड म्हणून नाही, सेव्ह करून.

सोमवारी संध्याकाळी मी खोलीवर एकटा होतो. खाली गिरणी बंद झाली होती, त्यामुळे डोक्यातलं फार मोठ्याने ऐकू येत होतं. फोन करायचा नव्हता, पुढाकार घ्यायचा नव्हता, आणि तो घेतल्याशिवाय चैनही नव्हतं. मी बोर्ड चालू केला, कळ दाबली आणि लिहिलं: सांग, मी जाऊ का. सेव्ह केलं. मला म्हणायचं होतं, तुला मी नको असेन तर स्पष्ट सांग, मी लातूर सोडतो. नाही म्हणेल याची मला नव्याण्णव टक्के खात्री होती. माणूस असं विचारतो तेव्हा त्याला उत्तर नको असतं, समजूत हवी असते. मंगळवारी सकाळी दहाला मी जिना चढलो, धाप लागली होती, टेबलावर त्याचा अर्धा प्यालेला चहा थंड होऊन पडला होता. तो आला होता आणि गेला होता. बोर्डाने यादी दाखवली. अक्षरांच्या क्रमामुळे आधी उत्तर आलं आणि मग प्रश्न. पर्वा नाही. मी जाऊ का?

तेव्हा मी त्या ओळीकडे किती वेळ बघत होतो ते आठवत नाही. एक आठवतं: डाव्या पायाच्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि मी तो पायाने पुन्हा पुन्हा भोकात बसवायचा प्रयत्न करत होतो. मग सामान भरलं. सामान म्हणजे एक पिशवी आणि सोल्डरिंगची माझी बंदूक. नांदेडला एकाने नोकरी देऊ केली होती, त्याला बसमधूनच कळवलं. अम्मारचा नंबर ब्लॉक केला आणि फार मोठं काही केल्यासारखं छातीत भरून आलं. ज्याला पर्वा नाही त्याच्या आईला माझ्या रक्ताची तरी काय पर्वा, असं मी लोह्याच्या फाट्यापर्यंत घोकत होतो. चाचींचा यात काय दोष, हे माझ्यातलंच कुणीतरी म्हणत होतं, त्याला मी खिडकीबाहेर बघायला लावलं. आणि गुरुवारी, ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, गुरुवारी पहाटे मी उठून लातूरच्या बसमध्ये बसलो. अहमदपूरपर्यंत गेलो. तिथे बस दहा मिनिटं थांबली. मी चहा प्यायला उतरलो, चहा प्यालो, बस सुटताना पाहिली आणि चढलो नाही. रस्ता ओलांडून समोरून येणाऱ्या नांदेडच्या गाडीत बसलो. मनाची समजूत ही घातली की बस चुकली.

"सर, जरा बघता का," सिंधू म्हणाली. मी दचकलो, कोपर लागून कप पडला आणि चहा टेबलावरून माझ्या मांडीवर आला. तिने फडकं दिलं, माझ्या पडद्यावरच्या दोन ओळींकडे एक नजर टाकली आणि आपला बोर्ड पुढे केला. तिच्या बोर्डाचं वेगळंच होतं. उदगीरच्या एका यंत्राचा होता, आणि सुरू होताना आधी कॅमेरा तपासायचा आणि मग प्रणाली उठवायची, असे दोन हुकूम तिने एकाच नावाखाली लिहिले होते, मधे अर्धविराम देऊन. शेवटी पुन्हा अर्धविराम आणि सेव्ह. सगळं एका ओळीत. तरी बोर्ड कॅमेरा तपासून थांबत होता, पुढे जातच नव्हता. "म्या समदं लिहिलं व्हतं सर. यानं अर्धंच ठेवलं," ती म्हणाली. "उरलेलं तवाच करून टाकलं बघा, म्या सांगायच्या आत."

मी तिला नेहमीचं सांगायला लागलो. हे मी तोंडपाठ सांगू शकतो, झोपेतही सांगेन. बूटलोडरला अर्धविराम म्हणजे एक हुकूम संपला. अर्धविरामाच्या आधीचं तेवढं तो त्या नावाखाली ठेवतो. नंतरचं त्याच्या लेखी नवा हुकूम, तो तिथल्या तिथे करायला जातो. येत असला तर करतो, नसला तर असला हुकूम मला माहीत नाही म्हणतो आणि पुढच्याकडे वळतो. पुढे सेव्ह लिहिलेलं असलं तर निमूटपणे सेव्ह करतो, जेवढं अर्धं आहे तेवढंच. म्हणून सगळं वाक्य अवतरणात टाकायचं, म्हणजे ते एक राहतं. मी म्हणालो, अवतरण नसलं की वाक्याचं शेपूट तुटतं आणि तुटलेलं कुठं दिसतही नाही, आणि हे म्हणता म्हणता माझी नजर माझ्या पडद्याकडे गेली. सिंधू वहीत लिहून घेत होती. "शेपूट तुटतं," ती लिहिताना पुटपुटली.

अम्मार स्वल्पविराम कधीच देत नसे. प्रोग्राम लिहून लिहून त्याच्या बोटांना अर्धविरामाची सवय लागली होती. किराण्याच्या चिठ्ठीवरही तो जिरे अर्धविराम हळद अर्धविराम असं लिहायचा आणि चाची म्हणायच्या, ये क्या मक्खियां बिठाया रे हरेक के पीछे. आणि घाईत असला की तो सगळं एका ओळीत टाइप करायचा. लिहिणं, सेव्ह, एंटर, आणि निघाला. पडद्याकडे बघायचा नाही, एंटर दाबतानाच त्याचा दुसरा हात किल्लीकडे गेलेला असायचा. मी माझ्या खुर्चीत येऊन बसलो. पडद्यावर ती ओळ होती तशीच होती. पी ए आर व्ही ए. बूटलोडरला आपली लिपी येत नाही. पर्वा लिहा नाहीतर परवा लिहा, त्याला दोन्ही सारखंच. ध चा मा करायला आमच्यात तिसरं कुणी आलंच नव्हतं. मीच तो वाचताना केला असेल तर? मंगळवार होता. मंगळवारची परवा म्हणजे गुरुवार. ऑपरेशन गुरुवारी होतं. परवा नाही.

पण मग पुढे काय होतं? मला एकदम उकडायला लागलं, पंखा डोक्यावर होता तरी. परवा नाही, एवढंच लिहून कुणी अर्धा चहा टाकून जात नाही. पुढे काहीतरी असणार. आणि माझा प्रश्न त्याने कसा वाचला असेल? मी जाऊ का. मी लातूर सोडून जाऊ का, असं मी लिहिलंच नव्हतं. दवाखान्यात जाऊ का, असंही ते होतं. आईचं ऑपरेशन ज्याच्या डोक्यात रात्रंदिवस आहे, तो ते दुसऱ्या कुठल्या अर्थाने वाचेल? एकाने विचारलं, दुसऱ्याने उत्तर दिलं, दोघांनी सेव्ह केलं, आणि दोघं वेगवेगळ्या गोष्टीबद्दल बोलत होते. की हे सगळं मी आत्ता रचतोय? हेही शक्य होतं. सहा वर्षांनी अंगावर आलेला दोष एका अर्धविरामावर ढकलून मोकळं व्हायला कुणाला आवडणार नाही. कदाचित त्याने खरंच लिहिलं असेल, पर्वा नाही. बोर्डाकडे याचं उत्तर नव्हतं. मी वेड्यासारखी त्याची सगळी चिप उकलून पाहिली, जुनी प्रत कुठे कोपऱ्यात राहिली असेल म्हणून. दीड तास गेला. काही नव्हतं. जे सेव्ह झालंच नाही ते कुठून सापडणार?

जेवणाच्या सुट्टीत सिंधूने डबा उघडला, मी उघडला नाही. ती म्हणाली, मुदखेडवाल्याचा फोन येऊन गेला, साहेबराव नावाचे गृहस्थ, चारच्या आत येतील, बोर्ड साफ झाला का विचारत होते. मी म्हणालो, होतोय. मागच्या बाजूला वर्कशॉपचा जिना आहे, तिथून गुरुद्वाऱ्याचे कळस दिसतात आणि खाली रिक्षावाले प्रवाशांसाठी एकमेकांवर ओरडतात. मी तिथे पायरीवर बसलो. फोनमधली ब्लॉक केलेल्या नंबरांची यादी काढली. प्लॉट घ्या म्हणणारे, विमा काढा म्हणणारे, आणि सगळ्यांच्या तळाशी, सगळ्यात जुना, तो. नावही बदललं नव्हतं: अम्मार दोन नंबर. चाची आहेत की नाहीत हेही मला ठाऊक नव्हतं. तेव्हा कुणाकडून तरी कळलं होतं की ऑपरेशन होऊन त्या घरी आल्या. त्यानंतर लातूरची माणसं भेटली की मी विषय बदलायचो. न विचारण्यात एक सोय असते. जोवर विचारलेलं नाही तोवर रागावण्याचा हक्क शाबूत राहतो. फोन लावला तर तो हक्क जाणार होता, आणि बदल्यात काय मिळेल याचा भरवसा नव्हता. मी खूप वेळ ती यादी नुसती वरखाली करत होतो. मला भीती वाटत होती. मग मी ब्लॉक काढला आणि फोन लावला.

तिसऱ्या घंटेला त्याने उचलला. "बोल," तो म्हणाला. हॅलो नाही, कोण नाही. म्हणजे माझा नंबर त्याच्याकडे होता. मागे कसलं तरी यंत्र चालू होतं, मग ते बंद झालं. मला वाटलं होतं मी आधी माफी मागेन, किंवा चाचींचं विचारेन. मी म्हणालो, दोन नंबरचा बोर्ड माझ्यासमोर आलाय. त्यात तुझी ओळ आहे. परवा नाही. त्याच्यापुढं तू काय लिहिलं होतंस?

मी फोन कानापासून काढून कट झाला का ते बघितलं.

"तेरवा ये," अम्मार म्हणाला. "परवा न्हाई, तेरवा ये. डॉक्टरनं गुरुवारचं शुक्रवारवर ढकललं व्हतं." मग त्याने विचारलं, "तुला काय दिसलं?"

मी सांगितलं. अर्धविराम, अवतरण, पर्वा आणि परवा. सांगताना ते फार फालतू वाटत होतं. अहमदपूरचा चहाही सांगितला. त्याने हसावं असं मला वाटत होतं, पूर्वी तो अशा चुकीवर आठवडाभर हसला असता. मी विचारलं, शुक्रवारी रक्ताचं काय झालं. म्हणाला, दुपारी बारापर्यंत तुझी वाट बघितली, फोन लावून लावून थकलो, मग नजीरमामू सोलापूरला गाडी घेऊन पळाले, पिशवी घेऊन रात्री आले. तोवर आई ऑपरेशनच्या टेबलावर होती.

"आणि चाची?" मी विचारलं.

"हाय. आत कांदे चिरून राहिली." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "रुद्रेश, एक सांगतो, नीट ऐक. शुद्धीवर आली तेव्हा तिनं पहिलं तुझंच विचारलं. म्हणली, आया था क्या. म्या म्हणलं, हाव, देऊन गेला, घाई व्हती. सहा वर्षं झाली, ती समद्यांना सांगती, माझ्यात निलंग्याचं रक्त हाय. तुझी कढई अजून कुणाला लावू देत न्हाई. तिला काई सांगू नको."

मी पायरीवर बसलो होतो, खाली रिक्षावाले भांडत होते, आणि मला रडू येत होतं. ते मी आवरलं नाही. ज्याला मी सहा वर्षं बेपर्वा म्हटलं, त्याने माझ्या नावाने एक खोटं रोज सांभाळलं होतं. आणि त्या घरात अजून एक रुद्रेश राहत होता, शुक्रवारी वेळेवर आलेला, रक्त देऊन घाईने गेलेला. त्याच्यासमोर मी कुठल्या तोंडाने उभा राहणार होतो ते मला कळत नव्हतं. पण जायला हवं होतं. डोळे पुसले. आज मुदखेडवाला येणार, उद्या उदगीरचं यंत्र. मी हिशेब केला आणि विचारलं, "अम्मार, परवा येऊ का?"

"परवा न्हाई," तो म्हणाला.

अंगठा आपोआप लाल बटणाकडे गेला होता. मी तो काढून घेतला. पलीकडे कुणीतरी त्याला हाक मारत होतं, किसका फोन है रे, म्हणून विचारत होतं, तो हात फोनवर ठेवून काहीतरी सांगत होता. मी फोन कानाशी दाबून धरला आणि पुढचं येईपर्यंत थांबलो.